क्रेव्हन कॉटेज: थेम्सकाठचं जुनं फुटबॉल मैदान कसं बघावं

लंडनला जाणारा आपल्याकडचा फुटबॉलवेडा सहसा दोन गोष्टी करतो. आपल्या आवडत्या मोठ्या क्लबचं तिकीट मिळत नाही म्हणून हळहळतो आणि मग त्याच क्लबच्या रिकाम्या स्टेडियमची टूर करून ड्रेसिंग रूममध्ये टांगलेल्या जर्सीसोबत फोटो काढतो. माझं मत विचाराल तर एक सामना आणि एकच मैदान बघायचं असेल, तर ते फुलहॅम या क्लबचं क्रेव्हन कॉटेज असावं. तिकीट मिळण्याची शक्यता बरी असते, भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून पायी जाता येतं आणि १९०५ साली बांधलेला स्टँड आजही वापरात आहे. त्यात लाकडी खुर्चीवर बसून प्रीमियर लीगचा सामना बघता येतो, तोही संग्रहालयासारखा दोरीपलीकडून नव्हे.

हे मैदान बघायला दिवसाचा बराच भाग लागतो आणि तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते.

आधी हंगाम, मग विमानाचं तिकीट

इंग्लंडचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. म्हणजे मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, मेअखेरीस किंवा जूनमध्ये गेलात तर सामना मिळणार नाही. दिवाळीची सुट्टी सोयीची पडते, पण तिथे दुसरी मेख आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग थांबते. नेमक्या त्या शनिवारी-रविवारी लंडनमध्ये असलात तर स्टँड बाहेरून बघून परत फिरावं लागेल.

वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं. त्यात बहुतेक सामने शनिवारी दुपारी ३ वाजता दिसतात, पण त्यावर विसंबून कुठलंही आरक्षण करू नका. टीव्ही वाहिन्या आपले सामने निवडतात आणि मग शनिवारचा सामना शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी किंवा थेट सोमवारी रात्री जाऊन बसतो. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं यासाठी हा जुना नियम आहे. त्यामुळे टीव्हीवर दाखवायचा सामना त्या वेळेतून हलवावाच लागतो. यावर उपाय सोपा आहे: लंडनमधला मुक्काम शुक्रवार ते सोमवार असा सलग ठेवा आणि बाकीचा प्रवास त्याच्या मागे-पुढे आखा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत. तो हातात आल्यावरच सामन्याच्या तिकिटात पैसे गुंतवावेत.

तिकीट फक्त क्लबकडूनच

या लेखातला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा झाला तर हा ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय दुसऱ्याला विकणं हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. नाटकाचं किंवा गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट पुन्हा विकणं ही वेगळी गोष्ट, फुटबॉलला वेगळा नियम आहे. तरीही इंटरनेटवर शोधलंत की पहिल्या काही ओळींत भलत्याच साइट्स दिसतात. त्यांची पानं अधिकृत वाटतात आणि किंमत तिप्पट-चौपट असते. क्लबला कळलं तर असं तिकीट रद्द होतं आणि तुम्ही दारातच अडकता. स्टेशनबाहेर कोणी कानाशी येऊन ‘तिकीट हवंय का’ विचारलं, तर मान हलवून पुढे चालायचं.

क्लबच्या साइटवर स्वतःचं खातं उघडा. विक्री टप्प्याटप्प्याने होते: आधी हंगामी तिकीटवाले (म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट घेतलेले), मग सदस्य, मग उरलेली सर्वांसाठी. वार्षिक सदस्यत्वाला थोडे पैसे पडतात, पण त्याने रांगेत पुढे सरकता येतं. चेल्सी, आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड यांच्याविरुद्धची तिकिटं महाग असतात आणि मिळणंही कठीण. म्हणून गुणतक्त्यात मधोमध असणारा पाहुणा संघ निवडा. एफए कप किंवा लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धांमधला सुरुवातीच्या फेरीतला सामना घरच्या मैदानावर लागला तर सोन्याहून पिवळं, कारण त्याचे दर बहुधा कमी असतात आणि गर्दीही बेताची. सगळी तिकिटं संपलेली दिसली तरी हातपाय गाळू नका. हंगामी तिकीटवाले ज्या सामन्याला येणार नसतात त्याची जागा क्लबमार्फतच परत विक्रीला ठेवतात. सामन्याच्या आदल्या आठवड्यात रोज एकदा साइट बघत राहा.

तिकीट फोनवर येतं. निघण्याआधी ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा आणि पॉवर बँक खिशात असू द्या. घरातली चार तिकिटं एकाच फोनवर ठेवण्यापेक्षा प्रत्येकाच्या फोनवर पाठवलेली बरी.

कुठे बसायचं

मैदानाला चार बाजू आणि एक कोपरा आहे. त्या कोपऱ्यातच खरी गंमत आहे.

स्टीव्हनेज रोडच्या बाजूला जॉनी हेन्स स्टँड. ग्लासगोचा अभियंता आर्चिबाल्ड लीच याने १९०५ साली तो बांधला. या माणसाने पुढे ब्रिटनभर इतकी स्टेडियमं उभारली की इंग्लिश फुटबॉलचं विसाव्या शतकातलं रूप बऱ्याच अंशी त्याच्या कागदावरून उतरलं. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे जरा कडूच) १९०२ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर त्यानेच आखलेला लाकडी मचाण कोसळून २५ माणसं दगावली होती. तिथे त्याची कारकीर्द संपली असती तरी कोणाला नवल वाटलं नसतं. पण त्यानंतर त्याने मातीच्या भरावावर बसवलेल्या पायऱ्यांकडे मोर्चा वळवला आणि तीन वर्षांत लंडनमध्ये त्याच्या हाती फुलहॅम आणि शेजारचं स्टॅमफर्ड ब्रिज हे मैदान अशी दोन्ही कामं होती.

या स्टँडमध्ये वरच्या भागात लाकडी घडीच्या खुर्च्या आहेत. त्या अरुंद आहेत आणि गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. उंच माणसाची पंचाईत होते. छपराला आधार देणारे खांबही आहेत. तिकीट घेताना ‘दृश्याला अडथळा’ अशी नोंद दिसली तर ती गंभीरपणे घ्या, कारण खांब नेमका गोलच्या रेषेत येऊ शकतो. एवढं सगळं असूनही पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच बसावं असं मला ठामपणे वाटतं. १९८५ साली ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली, तेव्हापासून इंग्लंडमधले जुने लाकडी स्टँड एकामागून एक पाडले गेले. हा उरला तो संरक्षित वास्तूच्या दर्जामुळे. धूम्रपानाची बंदी इथे निव्वळ पाटीपुरती नाही.

जोरजोरात गाणी म्हणायची, घसा बसवायचा असेल तर गोलमागचा हॅमरस्मिथ एंड. घरच्या कट्टर समर्थकांची ती बाजू. समोरच्या पुटनी एंडचा एक भाग पाहुण्या समर्थकांना दिला जातो. नदीकडचा रिव्हरसाइड स्टँड अलीकडे नव्याने उभारला. तो उंच आणि देखणा आहे, आतल्या सोयी आलिशान आहेत आणि दरही तसेच. त्यामुळे मैदानाची क्षमता साडेएकोणतीस हजारांच्या आसपास गेली. माझा त्या स्टँडवर राग नाही, पण इतका प्रवास करून नव्या स्टँडमध्ये बसण्यात काय हशील? उलट जॉनी हेन्समध्ये बसलात की समोर तो नवा स्टँड पूर्ण दिसतो आणि तुम्ही मात्र जुन्यात असता.

आणि तो कोपरा. जॉनी हेन्स स्टँड आणि पुटनी एंड जिथे मिळतात तिथे विटांची, सज्जा असलेली छोटीशी बंगली आहे. हीच ती ‘कॉटेज’, तीही लीचनेच बांधलेली. संघांच्या ड्रेसिंग रूम तिच्यात आहेत, त्यामुळे इथे खेळाडू मधल्या बोगद्यातून न येता मैदानाच्या कोपऱ्यातून चालत येतात. मूळची बंगली १७८० साली विल्यम क्रेव्हन या उमरावाने बांधली होती. ती १८८८ साली जळून गेली, नाव मात्र जागेला चिकटून राहिलं. क्लब इथे आला १८९६ साली.

एक धोक्याची सूचना. तुम्ही लिव्हरपूलचे किंवा युनायटेडचे चाहते असाल आणि त्यांच्याच सामन्याला फुलहॅमच्या बाजूचं तिकीट मिळालं असेल, तर पाहुण्या संघाची जर्सी, मफलर किंवा टोपी घालून जाऊ नका. दारात अडवतात. आत गेल्यावर गोल झाला म्हणून उडी मारलीत तर कर्मचारी नम्रपणे बाहेर नेतात आणि पैसे परत मिळत नाहीत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एका पेठेच्या गर्दीत बसून दुसऱ्या तालमीच्या नावाने ओरडलात तर जे होईल, त्याचीच ही सभ्य आवृत्ती.

मैदानापर्यंत: पुटनी ब्रिजहून चालत

डिस्ट्रिक्ट लाइनवर पुटनी ब्रिज हे स्टेशन गाठायचं. या लाइनला फाटे फुटतात, म्हणून फक्त विंबल्डनकडे जाणाऱ्या गाडीत बसा. रिचमंड किंवा ईलिंगची गाडी तुम्हाला भलतीकडे नेईल. हीथ्रोकडून येत असाल तर पिकॅडिली लाइनने अर्ल्स कोर्टला उतरून गाडी बदला. भाड्यासाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही, परदेशी व्यवहार चालू असलेलं साधं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. मात्र प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड हवं आणि आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडतानाही टेकवायचं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन वापरलात तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन्हींवर जास्तीचे पैसे कापले जातात. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवायची लंडनच्या रेल्वेला जुनी खोड आहे. आदल्या रात्री तपासून घ्या. बंद असेल तर वॉटर्लूहून पुटनीला जाणारी गाडी घेऊन पूल चालत ओलांडता येतो, नाहीतर हॅमरस्मिथला उतरून पंचवीसेक मिनिटं चालायचं.

दुपारी तीनचा सामना असेल तर साडेअकराच्या सुमारास पुटनी ब्रिजला पोहोचा. इतक्या लवकर का, असं वाटेल. पण वाटेतच बरंच काही आहे. पुलाच्या तोंडाशी ऑल सेंट्स चर्च आहे. त्याच्या शेजारून बिशप्स पार्कमध्ये शिरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहा. पलीकडच्या काठावर नौकानयन क्लबांच्या बोटी ठेवायच्या इमारती ओळीने दिसतील. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची प्रसिद्ध बोटींची शर्यत पुटनीच्या याच पुलाजवळून सुटते आणि क्रेव्हन कॉटेजच्या पाठीमागून पुढे जाते.

उद्यानाला लागून फुलहॅम पॅलेस आहे. लंडनच्या बिशपांचं हे शतकानुशतकांचं निवासस्थान. आत जायला पैसे नाहीत, भिंतीआडची बाग सुरेख आहे आणि कॅफेही आहे. शाकाहारी असाल तर इथेच किंवा पुटनीच्या हाय स्ट्रीटवर पोटभर खाऊन घ्या. स्टेडियममधल्या खाण्यावर भिस्त ठेवली तर चिप्सवर दुपार काढण्याची तयारी हवी.

उद्यान संपलं की स्टीव्हनेज रोड लागतो आणि इथे पाय आपोआप थांबतात. एका बाजूला चारचौघांसारखी राहती घरं, खिडक्यांत कुंड्या, दारात सायकली. समोर, रस्त्याच्या पलीकडे, लाल विटांची लांबलचक भिंत आणि तिच्यावर क्लबचं नाव. परक्या माणसाला हे स्टेडियम आहे हे चटकन कळणारही नाही. लीचला तेच हवं असणार: घरांच्या रांगेत घरासारखी दिसणारी वास्तू. भिंतीतले अरुंद दरवाजे नीट बघा. एका वेळी एकच माणूस, तोही जरा अंग चोरून, आत जाऊ शकतो.

पुतळ्यापाशी थांबताना

स्टँडच्या बाहेर जॉनी हेन्सचा पुतळा आहे. लोक फोटो काढून पुढे जातात, तुम्ही थोडं थांबा. हा माणूस फुलहॅमसाठी ६५८ सामने खेळला आणि त्याने इंग्लंडचं २२ सामन्यांत नेतृत्व केलं. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. ती उठवण्याची लढाई खेळाडूंच्या संघटनेचा नेता जिमी हिल याने लढली, आणि तोही फुलहॅमचाच खेळाडू. मर्यादा उठताच हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. आजच्या कोट्यवधींच्या करारांची सुरुवात या शांत गल्लीतून झाली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. क्लबने जॉर्ज कोहेन याचाही पुतळा २०१६ साली उभारला. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला हा उजव्या बगलेचा बचावपटू आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळला.

जिमी हिलचं नाव पुन्हा एकदा येतं ते १९८७ साली. जमिनीचा भाव सोन्यासारखा वाढला होता, मैदानाची मालकी बांधकाम कंपनीकडे होती आणि क्लब शेजारच्या क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये विलीन करून नदीकाठी सदनिका उभ्या करायचा बेत होता. चाहत्यांनी मैदानात उतरून निषेध केला आणि हिलने पुढाकार घेऊन क्लब वाचवला. त्याच वर्षी स्टँड आणि कॉटेज यांना संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. मुंबईत राहणाऱ्याला या कथेतला पहिला भाग ओळखीचा वाटेल, दुसरा कमी.

आणखी एक किस्सा शेजाऱ्यांना चिडवायला उपयोगी. १९०४-०५ च्या सुमारास स्टॅमफर्ड ब्रिजच्या मालकाने ते मैदान फुलहॅमला भाड्याने देऊ केलं होतं. फुलहॅमने नकार दिला. मग त्या मैदानासाठी नवाच क्लब काढावा लागला. तो म्हणजे चेल्सी.

आत गेल्यावर

दीडच्या सुमारास प्रवेशाकडे वळा. पिशवी लहान असावी, ए-फोर कागदापेक्षा मोठी नको. हॉटेल सोडून थेट सामान घेऊन येऊ नका, ते ठेवायला जागा मिळणार नाही. आत गेलात की एका जागी थांबून सराव बघा. खेळाडू कॉटेजच्या कोपऱ्यातून येताना दिसतील, वरच्या सज्जातही माणसं असतील.

बिअर घेतलीत तर ती मागच्या मोकळ्या जागेतच संपवावी लागते. १९८५ च्या कायद्याप्रमाणे मैदान दिसेल अशा जागी दारू नेता येत नाही. क्रिकेटच्या लॉर्ड्सला जाऊन आलेल्यांना हे फार लागतं. मध्यंतर फक्त पंधरा मिनिटांचं असतं आणि स्वच्छतागृहाची रांग लांब. चाळिसाव्या मिनिटाला उठणारे अनुभवी लोक दिसतील, पण नेमका तेव्हाच गोल होण्याचा धोका पत्करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

नोव्हेंबर ते मार्च नदीवरून बोचरा वारा येतो. थर्मल, टोपी आणि जाड मोजे हवेत. काँक्रीटवर दोन तास पाय ठेवून बसलं की थंडी तळव्यातून वर चढते. पुढच्या रांगांना पाऊसही लागतो. छत्री उघडून मागच्याचा सामना बुडवू नका, टोपीचं जॅकेट न्या.

फुलहॅमने आजवर एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही हे लक्षात असू द्या. १९७५ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात हरले, २०१० च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातही हरले. पण त्याच २०१० च्या मार्चमध्ये याच मैदानावर त्यांनी इटलीच्या युव्हेंटसला ४-१ हरवलं होतं. दोन सामन्यांच्या त्या लढतीतला पहिला सामना ३-१ ने गमावलेला आणि इथे दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल खाल्लेला असताना! शेवटचा गोल क्लिंट डेम्प्सीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकला. शेजारी पन्नाशीपुढचे गृहस्थ बसले असतील तर त्या रात्रीबद्दल विचारा. गप्प बसलेला इंग्रज बोलता करण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

सामना नसेल तर

टूर घ्या. तारखा क्लबच्या साइटवर असतात, सामन्याच्या दिवशी टूर नसते आणि आगाऊ आरक्षण करावं लागतं. इथे टूरला अर्थ आहे, कारण जी ड्रेसिंग रूम दाखवतात ती शंभराहून अधिक वर्षं जुन्या वास्तूत आहे. तेही जमलं नाही तर स्टीव्हनेज रोडवरून भिंत, दरवाजे आणि पुतळा बघायला पैसे लागत नाहीत. सकाळी गल्ली रिकामी असते तेव्हा फोटो चांगले येतात. फक्त समोरच्या घरांच्या पायऱ्यांवर बसू नका.

परतताना

शेवटची शिट्टी झाली की सगळी गर्दी पुटनी ब्रिज स्टेशनकडे वळते आणि तिथे रांग बाहेरपर्यंत येते. अर्धा तास दम धरा किंवा सरळ पूल ओलांडून पुटनीला जा, तिथून वॉटर्लूच्या गाड्या भरपूर. रात्रीच्या सामन्यानंतर उद्यानाची वाट बंद असू शकते, तेव्हा फुलहॅम पॅलेस रोडने या.

पाय अजून चालत असतील तर पुटनी ब्रिजहून दोनच स्टेशनं पुढे फुलहॅम ब्रॉडवे आहे आणि स्टेशनाबाहेर पडताच स्टॅमफर्ड ब्रिज. लीचच्या तिथल्या मूळ कामाची जागा आता नव्या स्टँडनी घेतली आहे. त्याचं आणखी काही बघायचं असेल तर लिव्हरपूलची गाडी धरा: एव्हर्टन क्लबच्या गुडिसन पार्क मैदानावर त्याच्या सज्जांची ओळखीची फुलीफुलीची जाळी अजून आहे. एव्हर्टनचा पुरुषांचा संघ मे २०२५ मध्ये तिथून नव्या स्टेडियमला गेला, पण क्लबचा महिला संघ आता गुडिसनवर खेळतो. तिकिटं पुरुषांच्या सामन्यांपेक्षा स्वस्त असतात आणि सहज मिळतात.